मानाची खेप

बुधवार, १३ डिसेंबर १९८९. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. दिवाळे गावाच्या धक्क्याखाली सगुणाबाई कोळी घोटाभर चिखलात टोपल्या घेऊन उभ्या आहेत. भरती अर्धीअधिक चढली आहे. बेलापूरच्या खाडीतून तीन होड्या पाण्याबरोबर आत येताहेत. त्यांतली एकही सगुणाबाईंची नाही. होडी टेकली की त्या त्या होडीची मालकीण मासळी उतरवून घेईल, वाटे लावील आणि बोली सुरू करील. सगुणाबाई त्या बोलीत उतरतील. कोळंबी, बोंबील, नशीब असेल तर एखादा जिताडा, जे पडेल ते घेऊन दुपारच्या एसटीने वाशी गाठतील आणि चारच्या सुमारास सेक्टरातल्या बाजारात बसतील. पाच वर्षांपूर्वीपर्यंत वाटे त्या लावत आणि बोली दुसऱ्या बायका बोलत.

तीन होड्यांच्या मागून चौथी येते. ती धक्क्याकडे वळत नाही. कड पाण्याला लागेल इतकी ती रेतीने भरली आहे. जाळं ठेवायच्या जागी फळ्या ठोकल्या आहेत. सुकाणूवर पोपट नावाचा जुना खलाशी उभा आहे. समोर बघत तो होडी पुढे काढतो. ही होडी सगुणाबाईंचे पती जोमा तांडेल यांची. तिच्यावरचा अधिकार सगुणाबाईंनी कसा गमावला, हे दिवाळ्यात कोणीही सांगेल. त्यात लंडनच्या एका वर्तमानपत्राचा हात होता, हे सांगताना मात्र लोक हसतात.

सगुणाबाईंचं माहेर उरणजवळचं मोरा. १९६३ साली त्या जोमा तांडेलांच्या घरी दुसरेपणावर आल्या. पहिली बायको बाळंतपणात गेली होती. तिचा मुलगा बाजीराव तेव्हा सहा वर्षांचा होता. सगुणाबाईंना स्वतःचं मूल झालं नाही. बाजीरावला त्यांनी वाढवलं आणि त्याच्याबरोबर पुतण्या शिवरामलाही, कारण जोमांचा धाकटा भाऊ दारूपायी घरातून उठला होता. दोन्ही मुलं एकाच ताटात जेवत. शिवराम अभ्यासात बरा होता. बाजीरावला होडीचाही कंटाळा होता आणि शाळेचाही.

सत्तरच्या दशकात नवं शहर आलं. जोमांच्या घराण्याची मिठागराकडची थोडी जमीन त्यात गेली. बदल्यात एका माणसाला प्रकल्पग्रस्त म्हणून नोकरी मिळणार होती. जोमांच्या मनात मुलाचं नाव होतं. सगुणाबाईंनी शिवरामचं सुचवलं. तो मॅट्रिक झाला होता, कचेरीत टिकला असता. बाजीराव चार महिन्यांत सोडून आला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. नाव शिवरामचं गेलं. तो बेलापूरच्या एका कचेरीत कारकून झाला, रात्रीच्या वर्गाला जाऊन इंग्रजी शिकला आणि वरिष्ठांच्या नजरेत भरला. बाजीराव नंतर तळोज्याच्या एका कारखान्यात लागला आणि नावड्याला खोली घेऊन राहू लागला. सणाला तो घरी येई. सगुणाबाईंना आये म्हणे. नोकरीचा विषय कधी काढत नसे.

होडी जोमांनी वीस-बावीस वर्षं चालवली. खलाशी बदलले, तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख तेच. पोपट त्यांच्या हाताखाली पोरसवदा असताना आला आणि त्यांचा उजवा हात झाला. शेवटच्या दोन वर्षांत जोमांना दमा होता. सुकाणूवर नावापुरते ते असत, होडी पोपट नेई. जाळं कुठे मारायचं हे पोपट ठरवी आणि जोमा मान हलवत. १९८४च्या नोव्हेंबरच्या अखेरीस जोमा तांडेल गेले. आळीने होडी चिखलावर ओढून ठेवली.

खालच्या आळीचा एक रिवाज आहे. सुतक फिटलं की पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला तांडेलाचा मुलगा सुकाणू धरून पहिली खेप करतो. त्याला मासेमारी येते की नाही हे कोणी विचारत नाही. मुलगा मुंबईत बँकेत असला तरी रजा काढून येतो. खेप करून परतल्यावर तो सुकाणूचा दांडा काढतो, धक्क्यावर खलाशांच्या पुढ्यात ठेवतो आणि बाजूला होतो. मग खलाशी ठरवतात. ज्याचं नाव निघेल तो दांडा उचलतो. कधी तो मुलगाच असतो, पुष्कळदा नसतो. याला मानाची खेप म्हणतात. आळीत बोलताना मात्र लोक ‘पोरगा सुकान धरनार’ एवढंच म्हणतात. पुढचं सगळ्यांना ठाऊक असल्याने ते कोणी बोलून दाखवत नाही.

सगुणाबाईंचं सगळं या दांड्यावर होतं. पोपट तांडेल झाला असता तर होडी मासेमारीतच राहिली असती आणि मासळी उतरवून विकायचा मान मालकीण म्हणून त्यांच्याकडे राहिला असता. बाजीरावच्या हाती गेली असती तर तिचं काय झालं असतं, हे त्यांना माहीत होतं. नव्या शहराच्या इमारतींना रेती लागत होती. खाडीत डुबी मारून बादल्यांनी रेती काढणारे ठेकेदार होड्या शोधत फिरत होते आणि त्यांतला एक दिवाळीत नावड्याला बाजीरावकडे येऊन गेला होता. पण सगुणाबाई निर्धास्त होत्या. खलाशी पाच. पाचही पोपटचे.

त्याच महिन्यांत देशही एका मृत्यूतून बाहेर येत होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी पंतप्रधानांची हत्या झाली. मधली अडीच-तीन वर्षं सोडली तर त्या सहासष्ट सालापासून सत्तेवर होत्या. त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाने शपथ घेतली आणि डिसेंबरच्या अखेरीस निवडणुका लागल्या. परदेशी वर्तमानपत्रांचे बातमीदार दिल्लीत उतरले आणि तिथून देशभर पसरले. आईनंतर मुलगा, हे लोकांना मान्य आहे का? हा देश एकत्र राहील का? काहींनी तो फुटेल असं लिहिलं. काहींना इथे लोकशाहीच्या कपड्यात जुनी राजेशाही दिसली. दिल्लीतल्या विद्वानांची मतं छापून झाल्यावर त्यांना सामान्य माणूस हवा होता.

लंडनच्या एका दैनिकाचा बातमीदार नवं शहर बघायला बेलापूरला आला. कचेरीने त्याच्याबरोबर इंग्रजी येणारा माणूस दिला, तो शिवराम. सिमेंटचे सांगाडे आणि आखलेले रस्ते बघून तो माणूस अर्ध्या तासात कंटाळला. जवळ एखादं जुनं गाव आहे का, असं त्याने विचारलं. शिवरामने त्याला आपल्या धक्क्यावर आणलं.

बायका बोंबील वाळत घालत होत्या. चिखलावर ओढलेली रिकामी होडी बघून पाहुण्याने चौकशी केली. तिचा तांडेल नुकताच गेला हे कळल्यावर तो एकदम सावध झाला. लंडनहून जे शोधत आला होता ते त्याला इथे मिळालं होतं. सगुणाबाईंना बोलावलं गेलं. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून, हातात खारवलेली मासळी. तांडेलांनी किती वर्षं होडी चालवली, असं त्याने विचारलं. खलाशी ऐकत का, मासळी कमी झाली आहे का, हेही विचारलं. शिवराम दोन्हीकडचं भराभर भाषांतर करून सांगत होता. मग त्याने विचारलं, आता होडी कोण चालवणार?

“पोरगा सुकान धरनार,” सगुणाबाई म्हणाल्या. “मानाचं हाय ते.”

आणि दिल्लीत?

“थितं पन तसंच. बाईचा पोरगा धरल. धरायलाच पायजे.”

शेजारी गोजराबाई बसल्या होत्या. त्यांनी बोंबलाची जुडी खाली ठेवली. “शिवा, त्याला इचार,” त्या म्हणाल्या, “तुझे रानीचा पोरगा कवा बसनार खुर्चीवं? का केस पिकल्यावं?” बायका हसल्या. पाहुण्याने काय झालं म्हणून विचारलं. शिवरामने ते सांगितलं नाही. सगुणाबाईंच्या दोन्ही उत्तरांचं इंग्रजी मात्र त्याने दोनदा सांगितलं, पाहुण्याचं लिहून होईपर्यंत. मुलाची मानाची खेप एकाच भरतीची असते आणि त्यानंतर खलाशी निवड करतात, हे सांगायला आणखी दोन वाक्यं लागली असती. ती त्याने सांगितली नाहीत. पाहुण्याने सगुणाबाईंचं पूर्ण नाव लिहून घेतलं, फोटो काढला आणि तो गेला.

मजकूर आठवड्याभरात लंडनला छापून आला. देश वारसाहक्काने चालतो, असा त्याचा सूर होता. नव्या नेत्याला राजकारणाचा अनुभव नाही, पण लोकांना अनुभव नको, रक्त हवं, असं त्यात म्हटलं होतं. शेवटच्या परिच्छेदात दिवाळ्याचा धक्का होता आणि सगुणाबाई होत्या. मुंबईच्या एका मराठी दैनिकाने ‘परदेशी चष्म्यातून’ अशा मथळ्याखाली अशा लेखांचे उतारे दिले, त्यात हाही आला. तिथे सगुणाबाईंचं वाक्य असं होतं: ‘तांडेल गेला की होडी मुलाचीच. देशाचंही तसंच.’ लंडनला जाऊन परत येईपर्यंत सुकाणूची होडी झाली होती.

दिवाळ्यात तो अंक हातोहात फिरला. गावाचं नाव विलायतेत छापलं गेलं, ही गोष्ट लहान नव्हती. बेलापूरच्या हॉटेलात कोणीतरी तो भिंतीला डकवला. प्रचाराच्या रिक्षातून ‘दिवाळ्याची आमची कोळी भगिनी म्हणते’ अशी सुरुवात ऐकू येऊ लागली. सगुणाबाईंना अक्षरं जेमतेम लागत. स्वतःचं नाव त्यांनी बोट ठेवून वाचलं. बाकीचं लोक सांगत त्यावरून त्यांना इतकंच कळलं की आपण जे बोललो ते छापून आलं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी देवळापुढे गावकी बसली. हसुराम पाटलांनी सगुणाबाईंना पुढे बोलावलं. शिवरामने उभं राहून उतारा वाचला, शाळेत धडा वाचतात तसा, स्वच्छ आणि मोठ्याने. ‘होडी मुलाचीच’ हे वाक्य आलं तेव्हा सगुणाबाईंनी मान वर केली, असं गोजराबाई सांगतात. तेवढ्यात पाटलांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि नारळ पुढे केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईंनी नारळ घेतला.

दिवाळ्याच्या गावकीत पाटलाच्या हातचा नारळ घेणं म्हणजे तिथे बोललं गेलेलं मान्य करणं. सोयरिकी, वाटण्या, बांधाची भांडणं त्या नारळावर मिटतात. एकदा घेतलेला नारळ परत करता येत नाही. हे सगुणाबाईंना माहीत नव्हतं असं नाही. एकवीस वर्षं त्या या गावात होत्या. पण गावकीत शाल कधी देत नसत. शाल आणि नारळ एकत्र, हे त्यांनी नव्या शहरातल्या सरकारी समारंभांत पाहिलं होतं, पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनाला, शाळेच्या कोनशिलेला. तिथला नारळ सत्काराचा असतो. खांद्यावर शाल पडली आणि हा नारळही तसलाच, असं त्या धरून चालल्या. शाल बेलापूरहून शिवरामने आणली होती. शालीची कल्पनाही त्याचीच होती.

जानेवारीच्या पौर्णिमेला बाजीराव रजा काढून आला. होडी पाण्यात लोटली, नारळ फुटला, सगुणाबाईंनी सुकाणूला हळद-कुंकू लावलं. बाजीरावला सुकाणू झेपत नव्हतं. पोपट शेजारी उभा राहून सांगत होता. खेप झाली. जाळ्यात जवळा बरा लागला. दुपारी होडी परतली तेव्हा पाचही खलाशी धक्क्यावर ओळीने बसले आणि बायका मागे उभ्या राहिल्या. बाजीरावने सुकाणूचा दांडा काढला. तो खाली ठेवला नाही. खांद्यावर घेतला आणि घराकडे चालू लागला.

सुरुवातीला कोणालाच कळलं नाही. पोरगा विसरला असेल, असं एका खलाशाने म्हटलं. पोपट उठून दोन पावलं गेला आणि थांबला. सगुणाबाई बाजीरावच्या मागे धावल्या. दांडा ठेव, लोक बसलेत, असं त्या म्हणाल्या. तो थांबला, पण मागे वळला नाही.

“आये, तूच तर बोललीस. होडी पोराची म्हनून. सगल्या गावानं आइकलं.”

संध्याकाळी त्या पाटलांकडे गेल्या. हसुराम पाटील रिवाज जाणणारे होते. त्यांच्या स्वतःच्या चुलत्याने भर धक्क्यावर दांडा ठेवला होता आणि तो परक्याने उचलला होता. त्यांनी सगुणाबाईंना पाणी दिलं. रिवाज आहे खरा, असं ते म्हणाले. पण हा जुना रिवाज आणि हा गावकीपुढे झालेला शब्द. शब्द तांडेलाच्या बायकोचा, वाचला गावात, छापला विलायतेत. आता तो आपण मोडला तर गावाची काय किंमत राहील? सगुणाबाईंनी विचारलं की शाल कशाला दिलीत मग. नारळ तुम्ही घेतलात ना, एवढंच पाटलांनी विचारलं.

शिवरामला त्यांनी दुसऱ्या दिवशी बेलापूरला, त्याच्या कचेरीच्या फाटकाजवळ गाठलं. तो डबा खाऊन पान खायला बाहेर आला होता. सोबतच्या दोघांना त्याने पुढे जायला सांगितलं. सगुणाबाईंनी आवाज चढवला नाही. त्या गोऱ्याला तू अर्धंच का सांगितलंस, असं त्यांनी विचारलं.

“काकी, तू बोललीस तेवढं मी सांगितलं,” शिवराम म्हणाला. “न बोललेलं मी कसं सांगणार?”

“तू दिवाल्याचाच हायस ना रं?”

त्याने घड्याळाकडे बघितलं. साहेब बोलावतील, असं काहीतरी म्हणाला. मग त्याने त्यांना समजावलं, जसं कचेरीत येणाऱ्या गावकऱ्यांना समजावतात. मासळीचे दिवस संपले आहेत, खाडीत कारखान्यांचं पाणी येतंय, पाच वर्षांनी तुला जाळ्यात प्लॅस्टिक मिळेल. रेतीला मरण नाही. बाजीरावला नोकरी मिळायला हवी होती ती मला मिळाली, त्याचं कुठेतरी फेडायला नको का? सगुणाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. ती नोकरी कोणी दिली, हे त्यांनी काढलं नाही. शिवरामनेही काढलं नाही. ठेकेदाराशी बोलणी शिवराम करत होता आणि होडीत त्याचाही हिस्सा ठरला होता, हे त्यांना पुढच्या आठवड्यात आळीत कळलं.

वकील करा, असा सल्ला बेलापूरच्या एका ओळखीच्या बाईंनी दिला. गावकीविरुद्ध खालच्या आळीतून आजवर कोणी वकील केला नव्हता. शिवाय कोर्टात विचारलं असतं की बाई, हे तुम्ही बोललात का, आणि त्या हो म्हणाल्या असत्या.

खलाशी उरले होते. सगुणाबाईंचा समज होता की सुकाणूवर कोणी उभंच राहिलं नाही तर बाजीराव दांडा परत आणून ठेवील. बाजीराव स्वतः खाडीत होडी नेऊ शकत नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. महिनाभर तसं झालंही. होडी चिखलात पडून होती. पोपट रोज संध्याकाळी येऊन सगुणाबाईंच्या ओट्यावर बसे, चहा घेई. होळीच्या आधी तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी होडीत फळ्या ठोकल्याचा आवाज आळीत आला आणि सुकाणूवर तो दिसला, पगारी तांडेल म्हणून.

त्या दिवशी तो स्वतः होऊन ओट्यापाशी आला, पण वर चढला नाही. “वयनी, जाल्याला कदी लागतं, कदी नाय,” तो म्हणाला. “हिथं हप्त्याचा पगार हाय. माजे घरात चार तोंडा हायत.” सगुणाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी चहा होय-नको विचारलं. तो नको म्हणाला.

गोजराबाईंच्या मते सगुणाबाईंना सगळ्यांत जास्त हेच लागलं. सगुणाबाई स्वतः तसं म्हणत नाहीत. पोपटचं बरोबर होतं, असं त्या सांगतात, आणि मग विषय बदलतात. शाल त्यांनी कोणाला तरी देऊन टाकली. कोणाला, ते आठवत नाही म्हणतात. बाजीराव अजून सणाला येतो, साडी आणतो. ती त्या घेतात, नेसत नाहीत. शिवराम आता बेलापूरच्या सेक्टरात सोसायटीत राहतो. गावात लग्नकार्य असलं की दोघं एका मांडवात बसतात आणि एकमेकांशी बोलतात, कोणाची प्रकृती कशी आहे वगैरे. त्यापलीकडे नाही.

या पाच वर्षांत त्यांनी काय केलं, हे थोडक्यात सांगता येतं. सुरुवातीला गोजराबाईंच्या टोपलीत भागी ठेवली. मग स्वतंत्र बोली बोलू लागल्या. वाशीच्या बाजारात जागा मिळायला एक पावसाळा गेला. तिथल्या बायका आगरी, यांची टोपली रोज शेवटी सरकवत. आता मधली जागा आहे. गिऱ्हाईक मद्रासी आहे, सिंधी आहे, बंगाली आहे. त्यांना चिंबोऱ्यांचं हिंदीत सांगतात. आपल्या हिंदीचं त्यांना स्वतःलाच हसू येतं.

या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक झाली. १९८४ साली पूर्वी कोणालाच मिळालं नव्हतं इतकं बहुमत मिळवणारा मुलगा सत्तेवरून गेला. २ डिसेंबरला नव्या पंतप्रधानांनी शपथ घेतली. परदेशी बातमीदार पुन्हा आले. ज्यांनी लोकांना रक्त हवं असं लिहिलं होतं, त्यांचीच वर्तमानपत्रं आता विचारत होती की लोकांना असं अचानक झालं तरी काय.

म्हणून आज, बुधवारी, अकराच्या सुमारास, बोली रंगात असताना धक्क्यावर एक मोटार येऊन उभी राहते. लंडनच्या त्याच दैनिकाची एक तरुण बातमीदार बाई उतरते. तिच्याबरोबर पनवेलच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सुचित्रा आहेत, दुभाषी म्हणून. १९८४चं कात्रण बाईंच्या हातात आहे आणि त्यातली कोळीण त्यांना हवी आहे. गावात शोधावं लागत नाही. दोन बायका एकदम सगुणाबाईंकडे बोट दाखवतात.

सगुणाबाई आधी बोली पुरी करतात. कोळंबीचे दोन वाटे त्यांना मिळतात. मग पदराला हात पुसून त्या येतात. त्या वेळी तुम्ही मुलगाच हवा म्हणाला होतात, मग आता असं का झालं, असं बातमीदार बाई विचारते. सुचित्रा प्रश्न मराठीत सांगतात. सगुणाबाई त्यांचं गाव विचारतात. पनवेल, असं उत्तर येतं. पनवेलात कोळीवाड्यात का? नाही, गावात. मग तुला सांगावं लागंल, असं म्हणून सगुणाबाई सगळं सांगतात. सुतक, उधाण, पहिली खेप, दांडा, खलाशांचं बसणं. एकेक वाक्य झाल्यावर त्या थांबतात आणि सुचित्रांनी इंग्रजीत सांगेपर्यंत पुढचं बोलत नाहीत. धक्क्यावरच्या बायकांनी हात थांबवले आहेत.

बातमीदार बाईच्या चेहऱ्यावर समजल्याचा आनंद दिसतो. ती घाईने लिहिते. म्हणजे तुम्हाला चौऱ्यांशी सालीच माहीत होतं, मुलाला लोक एकच संधी देणार? सुचित्रा हा प्रश्न थोड्या उत्साहानेच मराठीत आणतात.

“माजे होडीचं नाय कललं मना,” सगुणाबाई म्हणतात. “देशाचं काय कलनार?”

होडीचं काय झालं, हे ओघानेच विचारलं जातं. सगुणाबाई खाडीकडे हात करतात. रेतीची होडी एव्हाना वळणापलीकडे गेली आहे. दाखवण्यासारखं फक्त पाणी आहे. पोराकडं हाय, असं त्या म्हणतात. दांडा त्याने ठेवलाच नाही, हे गोजराबाई सांगू लागतात. सगुणाबाई त्यांना हाताने थांबवतात. ते देशाच्या गोष्टीत बसत नाही, तिथे लोकांनी मुलाला दांडा ठेवायला लावला, असं सुचित्रांना वाटतं. त्या तसं बातमीदार बाईला इंग्रजीत सांगतात आणि बाई मान हलवते. हे बोलणं सगुणाबाईंना सांगितलं जात नाही. त्या विचारतही नाहीत.

फोटोसाठी होडीशेजारी उभं राहायची विनंती होते. होडी दुसऱ्याची हाय, म्हणून त्या नकार देतात. नाव छापलं तर चालेल का, असं सुचित्रा विचारतात. सगुणाबाई थोडा वेळ टोपलीतल्या कोळंबीवर पाणी मारत राहतात.

“मागं इचारलं नव्हतं,” त्या म्हणतात. “नाव नको. आन अर्धं लिवनार असंल तर काईच लिवू नको, तिला सांग.”

सुचित्रा सांगतात. बातमीदार बाई प्रामाणिकपणे वचन देते. ती जे लिहील ते तिच्या संपादकाच्या हातून जाईल, मग कदाचित मुंबईच्या एखाद्या दैनिकात मराठी होऊन येईल. त्यावर तिचा काही इलाज नाही, हे ती सांगत नाही आणि तिला कोणी विचारत नाही. मोटार धूळ उडवत बेलापूरच्या रस्त्याला लागते. बायका पुन्हा बोलीला बसतात. वेळ गेल्यामुळे सगुणाबाईंच्या हातून बोंबलाचे वाटे गेले आहेत. ते ज्यांनी घेतले त्या वेणूबाई त्यातला एक देऊ करतात. सगुणाबाई घेत नाहीत. दोन टोपल्या डोक्यावर आणि काखेत घेऊन नाक्याकडे निघतात.

उद्या मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार आहे. वाशीतल्या पुष्कळ घरांत त्या दिवशी मासळी शिजत नाही. भरती आजच्यापेक्षा पाऊण-एक तासाने उशिरा चढेल, म्हणजे होड्या साडेअकराच्या पुढे येतील. सगुणाबाई बोलीला असतील आणि एकच टोपली घेतील.